रसायनांचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी शाळा

मुलाला शाळेत घालताना आपण निकाल पाहतो, फी पाहतो, घरापासूनचे अंतर पाहतो. वर्गात बसून ते मूल कोणती हवा घेणार, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ज्या घरात दम्याचे मूल आहे, किंवा रंगाच्या अथवा फिनेलच्या वासाने ज्याचे डोके दुखते असे मूल आहे, त्या घराला हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात तर समुद्राची हवा आणि रासायनिक कारखाने शेजारी शेजारी नांदतात. थळ, नागोठणे, धाटाव, महाड, तळोजे ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. म्हणून हा विषय येथे थोडक्यात मांडत आहोत.

अत्यल्प रसायनांनीही काही माणसांना त्रास होतो, असे मत शिकागोचे डॉक्टर थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५० च्या दशकात मांडले. हा स्वतंत्र आजार मानावा की नाही, याबद्दल वैद्यकशास्त्रात अजून एकमत नाही. परंतु उग्र वास, धूळ व धूर यांनी दमा उसळतो, याबद्दल दुमत नाही. तसेच 'जी-६-पी-डी' या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. तेव्हा हे मुलाचे नखरे आहेत, असे समजू नये. प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

अशा मुलासाठी वेगळी शाळा शोधत शहराकडे धावणे आपल्यापैकी बहुतेकांना परवडणारे नाही. त्याची गरजही नाही. गावातलीच शाळा पुष्कळ अंशी निर्धोक करता येते. त्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट छप्पर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळले आणि अनेक शाळांची छपरे उडाली. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होऊ शकतो. पत्रा शाबूत असेपर्यंत धोका कमी असतो. फुटला, कापला किंवा घासला की तंतू हवेत मिसळतात. फुटके तुकडे मुलांकडून कधीही उचलून घेऊ नयेत व कोरडे झाडू नयेत. पाणी मारून मोठ्यांनी उचलावेत.

दुसरी गोष्ट रंग. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या दारे-खिडक्यांचा रंग खरवडला की शिसेयुक्त धूळ उडते. रंगकाम मे महिन्याच्या सुटीच्या आरंभीच उरकावे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खिडक्या बंद राहतात आणि वास वर्गातच कोंडतो.

तिसरी गोष्ट सफाई. मुताऱ्यांत डांबरगोळ्या टाकण्याऐवजी भरपूर पाणी वापरावे. ब्लिचिंग पावडर व ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

चौथी गोष्ट कीटकनाशके. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी माध्यान्ह भोजनाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले आणि २३ मुले दगावली. कीटकनाशकाचा डबा, मग तो रिकामा का असेना, शाळेच्या आवारात असता कामा नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २००० साली कायदा झाला. त्यानुसार नाव नोंदवलेल्या पालकांना फवारणीच्या ७२ तास आधी सूचना मिळते. आपल्याकडे फळ्यावर दोन ओळी लिहून हेच काम होऊ शकते.

पाचवी गोष्ट वारा. किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. म्हणजे ऐन शाळेच्या वेळेत कारखान्याच्या पूर्वेकडील गावांकडे वास जाण्याचा संभव अधिक. खत कारखान्यातील अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. त्याची गळती झाल्यास नाकावर ओले फडके धरावे आणि वाऱ्याच्या दिशेने न धावता वाऱ्याला आडवे निघावे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावे.

आता कोणी म्हणेल, आमचे शाळेत कोण ऐकणार? याचे उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. म्हणजे छपराची दुरुस्ती त्या आराखड्यात घालणे आणि रंगकामाची वेळ ठरवून घेणे पालकांच्या हाती आहे. मागणी तोंडी करू नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, लक्ष लागते. आजारी मुलासाठी केलेली ही काळजी वर्गातील सर्वच मुलांच्या उपयोगी पडते. तेव्हा समितीच्या पुढच्या सभेला पालकांनी, विशेषतः मातांनी, आवर्जून जावे आणि वरील पाच गोष्टी तेथे वाचून दाखवाव्यात, एवढीच विनंती.