पाच पैशांचे तिकीट, फौजी आणि सुवर्णपदक

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा ‘शरणार्थी सहायता’ तिकीट सक्तीचे झाले. घाई इतकी, की कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ती अक्षरे छापली. काही ठिकाणी रबरी शिक्क्यावर भागवले. कुरुळी-चाकणकडे कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असा लिफाफा निघाला, तर तिकीट सोलू नका. शिक्क्यासकट लिफाफाच संग्राहकाला हवा असतो.

निर्वासितांसाठी तिकीट निघाले, पण जायबंदी जवानाला ‘बिचारा’ म्हणायची सवय काही तिकिटांनी मोडली नाही. ती मोडली मुरलीकांत पेटकरांसारख्यांनी: १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलल्या, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्रीला २०१८ उजाडले! खडकीचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ पासून अशा जवानांना सांभाळते आहे.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. निधीला हातभार लावा.