जोर्व्याची कुऱ्हाड आणि आमची भट्टी

गतवर्षी जानेवारी महिन्यात इयत्ता नववीस प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास शिकवीत असता आम्ही फळ्यावर एका कुऱ्हाडीचे चित्र काढले. अहमदनगर (सांप्रतचे अहिल्यानगर) जिल्ह्यात संगमनेरजवळ प्रवरेच्या तीरी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, आणि त्यात तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी निघाल्या. त्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या. चित्र पाहून मागील बाकावरून एक आवाज आला, "सर, ही तर नुसती पट्टी. हिला दांड्यासाठी भोकसुद्धा नाही. असली कुऱ्हाड आम्ही एका दिवसात करू."

आम्ही म्हणालो, "करा पाहू."

तो एक दिवस पुढे दोन महिन्यांचा झाला. त्या दोन महिन्यांत जे घडले व जे कळले, ते विद्यार्थीमित्रांसाठी व पालकवर्गासाठी येथे सांगत आहो. मिशनच्या शाळेत शस्त्रे कशाला घडवावी, असे दोघा पालकांनी आम्हांस रस्त्यात गाठून विचारले होते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर योग्य ठिकाणी येईल.

प्रथम धातूविषयी. शुद्ध तांबे मऊ असते. त्याचे अणू थराथरांनी बसलेले असून जोर लागताच एक थर दुसऱ्यावरून सरकतो. पत्त्यांच्या गड्डीचा दृष्टांत देण्याचा मोह होतो. परंतु तो या अंकास शोभणार नाही, म्हणून पाट्यांची चळत डोळ्यांपुढे आणावी. पाट्यांच्या मध्ये वाळूचे खडे पडले की त्या सहज सरकत नाहीत. कथलाचा अणू तांब्याच्या अणूहून मोठा असतो. तो तांब्यात शिरला की त्या खड्यांचे काम करतो. या मिश्रणास कांसे किंवा कांस्य म्हणतात. दहा भागांत एक भाग कथील असले, तर धातू कठीण होतो आणि चिवटही राहतो. शस्त्रास तेच हवे. कथील पाचव्या हिश्श्याच्या पुढे गेले, तर धातू गोड वाजतो पण आपटल्यास तडकतो. म्हणून घंटा व झांजा अशा धातूच्या करतात. घरोघरी तळपायास तूप चोळावयाची जी काशाची वाटी असते, तीही याच जातीची. त्याहूनही कथील वाढविले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नेले, की आरशासारखी झिलई घेणारा परंतु काचेसारखा ठिसूळ धातू मिळतो. केरळातील आरन्मुळा गावचे धातूचे आरसे असेच होतात.

येथे शास्त्रपाठाच्या वर्गासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या मराठी बायबलात गल्याथाचा टोप व चिलखत पितळी म्हटले आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त. गल्याथाच्या काळचा धातू बहुधा कांसे असावा. त्याच वर्णनात त्याच्या भाल्याचे पाते मात्र लोखंडाचे सांगितले आहे. एकाच माणसाच्या अंगावर दोन युगे उभी आहेत, हे मुलांच्या ध्यानी आणून दिल्यापासून तो अध्याय त्यांना अधिक आवडू लागला. शलमोनाच्या मंदिराची धातूची कामे यार्देनेच्या मैदानात सुक्कोथ व सारतान यांच्या दरम्यान चिकणमातीच्या भूमीत ओतली, असेही पवित्र शास्त्र सांगते. ही मातीची गोष्ट आम्ही शेकडो वेळा वाचली होती. तिचा अर्थ आम्हांस आमच्या परसात कळला.

तांबे मिळणे कठीण नव्हते. जुन्या विजेच्या तारा सोलून मुलांनी ते जमविले. कथील कल्हईवाल्याकडून आणले. आज ते असे पेठेत मिळते. परंतु महाराष्ट्रात कथलाची खाण नाही, आणि भारतातही मुख्यतः बस्तर भागातच ते निघते. प्राचीन काळी ते दुरून यावे लागे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या वृत्तांतात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात तांबे, कथील व शिसे यांची नावे आहेत, आणि त्याच वृत्तांतात आपल्या चौलाचे नाव सेमुल्ला म्हणून आले आहे. जोर्व्याची कुऱ्हाड त्याहून हजार वर्षांनी जुनी. तिच्या एका नमुन्याचे पृथक्करण झाले, तेव्हा त्यात कथील पावणेदोन टक्क्यांच्या जवळपास भरले. कथील तेव्हा किती जपून वापरीत, ते यावरून दिसते. आम्ही मात्र दहा टक्के धरले, कारण अशा धातूचा रस पातळ होतो व साच्यात नीट भरतो. सबब आमची कुऱ्हाड आकाराने जोर्व्याची असली, तरी धातूने तिची धाकटी बहीण होय.

गणित मुलांनी केले. लाकडाचा नमुना पाण्यात बुडविला, तेव्हा ६० घन सेंटिमीटर पाणी सरले. कांस्याची घनता ८.८ धरून वजन सुमारे ५२८ ग्रॅम येते. ओतावयाच्या नळीत राहणारा व जळून जाणारा भाग मिळवून ६३० ग्रॅम तांबे व ७० ग्रॅम कथील घेतले. एका जुन्या लोखंडी बादलीस आतून माती व भाताचे तूस लिंपून भट्टी केली. मूस मुंबईहून आणविली. लाकडी कोळसा व हाताने फिरवावयाचा पंखा लोहाराकडून मिळाला.

आणि साच्यासाठी वाळू आणली ती समुद्रकिनाऱ्यावरून. आमच्यासारख्या पदवीधराने ही चूक करावी, याची आम्हांस आजही लाज वाटते. वाळू उन्हात वाळविली होती. हातास कोरडी लागत होती. मुलांस दहा पावलांवर खडूची रेघ मारून मागे उभे केले होते, एवढे एक शहाणपण आम्हांस सुचले, ही देवाची कृपा. रस साच्यात पडताच तो फडफडला, तडतडला आणि उसळला. एक थेंब आमच्या बुटावर पडून चामडे भेदून आत गेला. त्याचा डाग पायावर अद्याप आहे. मुलांपर्यंत काही पोहोचले नाही.

कारण पुढे समजले. समुद्राच्या वाळूत मीठ असते, आणि ते हवेतील ओल ओढून घेते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे सतराशे पट वाढते. ती वाफ रसाखाली कोंडली तर वाट काढण्यासाठी रसच उडविते. शिवाय आपल्या किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तो चुनखडीचाच प्रकार. तापला की त्यातून वायू सुटतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावातील एका वृद्ध ओताऱ्याकडे गेलो. त्यांनी वाळूची चिमूट बोटावर घेतली, जिभेवर ठेवली, थुंकली आणि एवढेच म्हणाले, "मास्तर, ही खारट हाय." आमच्याजवळ तीन पुस्तके होती, एकातही वाळू चाखून पाहावी असे लिहिलेले नव्हते.

पुढील काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. भातखाचरातील चिकणमाती, तूस व शेण यांचे मिश्रण त्यांनी मुलांकडून तीन दिवस मळविले. तूस व शेण भाजताना जळून जातात आणि मागे बारीक छिद्रे ठेवतात. त्यांतून वायू निघून जातो. साचा आठ दिवस सावलीत वाळविला, मग भट्टीजवळ भाजून लाल केला, आणि तो गरम असतानाच रस ओतला. यावेळी काहीही उडाले नाही. कुऱ्हाड देखणी निघाली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. ऐरणीवर हातोड्याचा चौथा घाव बसला आणि तिचे दोन तुकडे झाले. आत पाहतो तो जाळीदार घावनासारखी छिद्रेच छिद्रे!

तांब्याचा रस हवेतील प्राणवायू व ओल्या कोळशातील हायड्रोजन पिऊन घेतो. घट्ट होताना ते वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ पाहतात आणि आत अडकतात. आम्ही रस उघडा ठेवला होता व उतावीळपणे फार तापविला होता. ओतारीबाबांना हे आधीच दिसले असणार. तुम्ही सांगितले का नाही, असे मुलांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले की सांगितले असते तर तुम्ही ऐकले असते, मोडल्यावर मात्र पाहिले.

तिसऱ्या वेळी कोळसा भट्टीच्या कडेस ठेवून कोरडा केला. मुशीतील तांब्यावर कोळशाच्या भुकटीचा थर ठेवला, म्हणजे हवेचा स्पर्श होत नाही. तांबे १०८५ अंशांस वितळते, कथील अवघ्या २३२ अंशांस. म्हणून कथील अगदी शेवटी टाकावयाचे, नाहीतर ते हवेत जळून वाया जाते. उष्णता मोजावयास आमच्याजवळ यंत्र नव्हते. बाबा तापलेली लोखंडी सळई रसात बुडवून वर काढीत. रस सळईस चिकटून आला तर "थांबा", निथळून स्वच्छ निघाली तर "उचला". ओतताना धार बारीक असावी, पण तुटू नये. सारे काम चहाचा पेला भरावयास लागतो तेवढ्या वेळात आटोपले, आणि त्या वेळात पंधरा मुलांपैकी कोणीही श्वास सोडला असेल असे वाटत नाही.

ही कुऱ्हाड टिकली. आता धार काढावयाची. कांस्यास थंड असताना ठोकले की ते अधिक कठीण होते; फार ठोकले तर कडेस चिरा पडतात. म्हणून मधून मधून तापवून मऊ करावे लागते. येथे एक गंमत झाली. वर्गातील लोहाराचा मुलगा पुढे आला व म्हणाला, "तापवून पाण्यात बुडवू, म्हणजे कडक होईल." पोलादाविषयी हे खरे आहे. कांस्य तापवून बुडविले, तो ते पूर्वीपेक्षा मऊ! मुलगा गोंधळला, आणि घरी जाऊन त्याने वडिलांस विचारले. वडील दुसऱ्या दिवशी स्वतः पाहावयास आले.

भोकाचा प्रश्नही सुटला. भोक ठेवावयाचे तर साच्यात मातीचा गाभा बसवावा लागतो आणि तो रसाच्या धक्क्याने हलू नये अशी योजना करावी लागते. सपाट कुऱ्हाड मात्र चिरलेल्या दांड्यात खोचून वादीने आवळली की घट्ट बसते. मागील बाकावरील आमच्या मित्राने ती स्वतः आवळली, आणि वाळक्या सुरूच्या फांदीवर घाव घातला. सुरू कठीण, तिसऱ्या घावास धार दुमडली. परंतु तुटली नाही. ठोकून पुन्हा सरळ केली. दगडाची कुऱ्हाड अशा वेळी फुटून फेकावी लागते. कांस्याची दुरुस्त होते, आणि अगदीच झिजली तर वितळवून नवी होते. असा धातू एकदा हाती आल्यावर मनुष्याने दूरदेशीचे कथील का शोधीत जावे, ते मुलांना आता फोड करून सांगावे लागले नाही.

याहून अवघड कामेही महाराष्ट्रात होत होती. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांडोली येथे तांब्याचा एक खंजीर सापडला. त्याच्या मुठीस शिंगांसारखे दोन फाटे आहेत व पात्याच्या मध्यातून उंच कणा गेला आहे. दायमाबाद येथे १९७४ साली झाडाची मुळे खणताना एका शेतकऱ्यास हत्ती, गेंडा, रेडा व बैलजोडीचा रथ अशी चार भरीव ओतीव शिल्पे मिळाली. मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मेणाचा नमुना करून त्यावर माती लिंपावयाची, मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत रस भरावयाचा, ही रीत बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ग्रंथात दिली आहे. मेण तोलून त्यावरून धातूचे वजन ठरवावे असेही तेथे सांगितले आहे. कांस्य मेणाहून सुमारे नऊ पट जड असते, हे मुलांनी स्वतः ताडून पाहिले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. धातू शस्त्र व घंटा असा भेद जाणत नाही. १५४९ साली अहमदनगरास ओतलेली आणि आज विजापुरास असलेली मुलूखमैदान तोफ जवळजवळ घंटेच्याच धातूची आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तेथील चर्चच्या घंटा देवळांतून गेल्या; वाईजवळ मेणवलीस त्यांपैकी एक आजही आहे. आमच्या परसात दोन महिने पंधरा मुले कुऱ्हाडीभोवती बसली होती. त्यांच्या तोंडी वार, मारामारी यांपैकी एकही शब्द आम्ही ऐकला नाही. ती सदैव छिद्रांविषयी बोलत होती.

तथापि कोणत्याही मुलाने हे घरी एकट्याने करू नये. ओल असलेल्या साच्याचे फळ वर सांगितलेच आहे. भंगारातील पितळ तापविल्यास जस्ताचा पांढरा धूर निघतो व तो छातीत गेल्यास ताप भरतो. शिसे तर त्याहून वाईट. ज्याने हे काम आयुष्यभर केले आहे असा मनुष्य शेजारी असल्याशिवाय भट्टी पेटवू नये. असा मनुष्य मिळणे मात्र दिवसेंदिवस कठीण होत आहे. ओतारीबाबांचा मुलगा तळोज्यास कारखान्यात जातो. त्यांची स्वतःची भट्टी आता वर्षातून दोनदा पेटते. माती कितपत मळली म्हणजे पुरे, ते त्यांचे बोट सांगते, आणि ते आम्हांस लिहून घेता आलेले नाही. दोन मुलांस मात्र ते थोडेसे साधले आहे.

तिन्ही वेळचे ओतकाम विज्ञानाच्या खोलीत कपाटात ठेवले आहे: पहिला वेडावाकडा गोळा, दुसऱ्या कुऱ्हाडीचे दोन तुकडे आणि तिसरी कुऱ्हाड. तिची धार कानशीने बोथट केली आहे व कपाटास कुलूप आहे. पालकांनी स्नेहसंमेलनाच्या वेळी अवश्य पाहावी. आमच्या मते तुकडे अधिक पाहण्याजोगे आहेत. चांडोलीच्या खंजिराचा मेणाचा नमुना मुलांनी करून ठेवला आहे. तो ओतावयाचा बेत दिवाळीनंतर. पावसाळ्यात आपल्याकडे माती वाळत नाही.