बंद दुकानांची हुरहूर

तुमच्या गावात एखादे दुकान असे असेल की जे आता नाही, पण पत्ता सांगताना अजून त्याचेच नाव निघते. ‘त्या दुकानावरून डावीकडे वळा’ असे सांगून आपण मोकळे होतो, आणि परगावचा माणूस बिचारा दुकान शोधत रस्त्यात उभा राहतो! आमच्या कोराडीत असे एक दुकान कॅसेटचे होते. 1974 साली येथे औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. कामगारांची वसाहत वसली, तिच्यामागून दुकाने आली. कॅसेटच्या दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की काका दोन दिवसांत गाणी भरून देत. यादी हाती पडताच ते ती मोठ्याने वाचत आणि आमची परीक्षा घेत. ‘‘काऊन रे बाबू, हे गाणं कोन्या पिच्चरचं होय? मालूम नाही तं मांगतं कायले?’’

दुकान बंद झाले तेव्हा आम्ही मित्र फार हळहळलो. हळहळ खरी होती. पण खरं सांगायचं तर त्याआधीच्या चार वर्षांत मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. गाणी संगणकावर फुकट मिळू लागली होती. काका रस्त्यात भेटत, ‘‘येत नाही रे आजकाल’’ म्हणत, आणि मी एम. ए.च्या अभ्यासाचे कारण पुढे करीत असे.

या भावनेला इंग्रजीत ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात. या शब्दाचा जन्म मोठा गमतीचा आहे. 1688 साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझल येथे आपल्या प्रबंधात तो घडवला. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना, असे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. परमुलखात राहणारे स्विस लोक घराच्या ओढीने झुरत, त्याला होफरने चक्क रोग ठरवले. आपण मराठीत त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. शब्द गोड आहे, पण त्यातली वेदना गळाली आणि करमणूक तेवढी उरली! मला विचाराल तर ‘हुरहूर’ हा आपला जुना शब्द जास्त जवळचा. होफरच्या रोग्याला निदान घरी तरी पाठवता येई. दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाइकाला कुठे पाठवायचे?

काकांचे दुकान चार फळ्यांचे. पण मोठ्या दुकानांची गतही याहून वेगळी झाली नाही. मुंबईत काळा घोडा भागात ‘ऱ्हिदम हाऊस’ हे संगीताचे दुकान 1940 च्या दशकापासून होते. तबकड्या गेल्या, कॅसेट आल्या, कॅसेट गेल्या, सीडी आल्या, तरी दुकान टिकले. एके काळी तेथे लहान खोल्या होत्या. आत बसून तबकडी ऐकावी, मनास आली तर घ्यावी! पुढे चोरट्या प्रती निघाल्या, मग संगीत इंटरनेटवर आले, आणि 29 फेब्रुवारी 2016 रोजी ते दुकान मिटले. ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ची कथाही अशीच. टी. एन. शानभाग यांनी 1948 साली स्ट्रँड चित्रपटगृहाच्या आवारात पुस्तके मांडली, पुढे फोर्टमध्ये दुकान थाटले. ग्राहकाला किमतीत सवलत द्यायची हा त्यांचा नेम. 2003 साली या ग्रंथविक्रेत्याला पद्मश्री मिळाली. 2009 साली ते वारले आणि फेब्रुवारी 2018 मध्ये दुकान बंद झाले.

अशी बातमी फुटली की लोकांची रीघ लागते. जुन्या आठवणी निघतात, डोळे पाणावतात. पण भाडे, नोकरांचे पगार आणि विजेचे बिल महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. ते शेवटच्या आठवड्यातल्या गर्दीवर कसे भागणार? पुस्तक दुकानात चाळायचे आणि घरी येऊन इंटरनेटवरून स्वस्तात मागवायचे, असा आपला शिरस्ता पडला. म्हणजे दुकानाचे आपण फुकटचे वाचनालय केले म्हणा ना!

खेळांच्या उद्यानांचे गणित याहून अवघड असते. पाळण्यात एक मूल बसो की पन्नास, वीज, चालक आणि दुरुस्ती यांचा खर्च तोच. मुंबईजवळ गोराईला 1989 साली ‘एस्सेलवर्ल्ड’ सुरू झाले. होडीतून खाडी ओलांडून जायचे, त्यामुळे अर्धी मजा वाटेतच! 2020 पासून कोरोनाच्या साथीत सगळीच उद्याने महिनोन्महिने ओस पडली, आणि 2022 साली एस्सेलवर्ल्ड बंद झाले. आमच्या नागपूरचे ‘क्रेझी कॅसल’ अंबाझरी तलावाजवळ होते. तिथल्या पाण्यात घसरगुंडी खेळलेल्या माणसाला विचारा, त्याचा चेहरा लगेच उजळतो. पण नाग नदी त्या आवारातूनच वाहते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी भरून वाहू लागला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. मग पात्रातल्या अडथळ्यांची चर्चा झाली, तीत या उद्यानातल्या बांधकामांचेही नाव निघाले. आपली घसरगुंडी खरी, आणि कुणाच्या स्वयंपाकघरात शिरलेला चिखलही खरा. आठवणीला एवढे बारकावे सोसत नाहीत.

याउलट कोराडीला जगदंबेच्या नवरात्रात आकाशपाळणा येतो आणि यात्रा संपली की निघून जातो. त्याच्यासाठी कुणी झुरत नाही. पुढच्या आश्विनात तो येणारच!

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. ‘माझे आवडते दुकान’ असा निबंध देऊ नका. चाळीस मुलांचे चाळीस निबंध एकसारखे येतात. गावातले एखादे बंद दुकान निवडा. ते चालवणाऱ्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना, मुलांनी जाऊन विचारावे: माल कुठून येई, उधारी किती बुडाली, गिऱ्हाईक कधीपासून तुटले? उत्तरे वहीत जशीच्या तशी उतरवावीत.

गेल्या वर्षी मीही काकांकडे असेच प्रश्न घेऊन गेलो. त्यांनी गाण्यांच्या याद्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. त्यांत माझ्या अक्षरातली एक यादी निघाली. खाली लिहिले होते, ‘सात रुपये बाकी’. मी पाकीट काढले तर म्हणाले, ‘‘राहू दे आता. कॅसेट वाजते का अजून, ते सांग.’’

कॅसेट घरी आहे. वाजवायचे यंत्र नाही.