नव्या फडाची सुपारी

ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज, दहा-पंधरा जाणती माणसे आणि बसविलेला एखादा वग एवढी सामग्री जमली की तमाशाचा फड उभा राहिला, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. फडमालकाची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. ज्याचे नाव चार कोसांवरच्या गावाने ऐकलेले नाही, त्या फडाला पहिला खेळ द्यावा कोणी?

यात्रेसाठी फड ठरविणे, म्हणजे त्याला सुपारी देणे. मुंबईच्या गुन्हेगारीच्या बातम्यांनी या शब्दाला भलताच रंग चढविला असला, तरी तमाशाच्या व्यवसायात तो अजून आपला जुना, सोज्ज्वळ अर्थ राखून आहे. या सुपाऱ्यांची मोठी पेठ पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे भरते. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यालगत फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीवर फडाचा फलक, कलावंतांची छायाचित्रे, आत गादीवर बसलेला व्यवस्थापक आणि त्याच्यापुढे पंचांग व वही, असा हा थाट असतो. घरटी वर्गणी गोळा करून आलेले गावोगावचे पंच राहुटीमागून राहुटी पाहत हिंडतात. नाचणाऱ्या बायका किती, वग कोणता, सोंगाड्या कोण, गाड्या किती, अशी त्यांची चौकशी चालते. चहा होतो, घासाघीस होते. सौदा जुळला की करार लिहून विसार घेतला जातो.

या पेठेत मोल असते ते प्रथम नावाला. भाऊ-बापू नारायणगावकर या नावाचा फड गाजला. पुढे भाऊंच्या कन्येने, विठाबाईंनी, ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या नावाने महाराष्ट्र गाजविला. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांच्या फलकावर ‘सह नितीनकुमार’ अशी जोड आली. हे ‘सह’ मोठे अर्थपूर्ण आहे. जुन्या नावाच्या खांद्यावर नवे नाव बसवून ते गर्दीला दाखवायचे, अशी ही जाहिरातीची रीत आहे. ज्या नव्या फडाची नायिका एखाद्या गाजलेल्या फडातून फुटून आलेली असते, त्याचे काम म्हणूनच निम्मे झालेले असते. ज्याच्यापाशी असे उसने नावही नाही, त्याने काय करावे?

त्याच्या मदतीस पंचांग धावून येते. चैत्री पौर्णिमा किंवा चैत्र वद्य अष्टमी अशा तिथीला एकाच दिवशी असंख्य गावांच्या यात्रा असतात. अष्टमीला तर भैरवनाथाचे गाव आणि यात्रा हे समीकरणच आहे. शंभराच्या घरात माणसे बाळगणारा नामांकित फड झाला, तरी त्या रात्री तो एकाच गावी उभा राहू शकतो, आणि त्याची बोली लाखांच्या घरात गेलेली असते. उरलेल्या गावांना तमाशावाचून यात्रा साजरी करणे कमीपणाचे वाटते. अशा वेळी पंचांची पावले नव्या राहुटीकडे वळतात. जाणता मालक त्या दिवशी भाव फार ताणीत नाही, कारण त्याला रकमेइतकीच पुढच्या गावाची साक्ष हवी असते.

ही साक्ष रात्रीपेक्षा दुसऱ्या दिवशी अधिक मिळते. पश्चिम महाराष्ट्रातील यात्रेत सकाळी तमाशाच्या हजेऱ्या होतात आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. कुस्त्यांसाठी पंचक्रोशीतील माणसे लोटतात. सकाळच्या उन्हात, दिव्यांच्या झगमगाटावाचून, ज्याचा गळा आणि ज्याची ढोलकी टिकते तो फड त्यांच्या ध्यानी राहतो. दसऱ्यानंतर तंबू ठोकून तिकिटावर खेळ करताना भिंतीवरची पत्रके आणि ध्वनिक्षेपक लावून फिरणारी गाडी कामास येते. चैत्रातील सुपारी मात्र बव्हंशी शेजारगावच्या तोंडी शिफारशीवर चालते. आता भ्रमणध्वनीवरील चित्रफिती फडाच्या आधीच गावी जाऊन पोहोचतात. त्यांत गाणे दिसते, नाच दिसतो. परंतु आडवा पडलेला प्रेक्षक उठवून बसविण्याची सोंगाड्याची करामत काही केल्या दिसत नाही.

एक अडचण कायद्याने आली आहे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा तमाशाचा क्रम असल्याने वगाला मध्यरात्र उजाडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकास सामान्यतः बंदी घातली. नियम रास्तच आहे. झोपेचा हक्क आजारी माणसाला आणि विद्यार्थ्याला असतोच. परंतु त्याचा भार नव्या फडावर विशेष पडतो. गाजलेल्या नायिकेला लोक दोन लावण्यांतही ओळखतात. नवा फड आपले सामर्थ्य वगात दाखविणार, आणि वगाच्या आधीच खेळ आवरावा लागणार!

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी कर्ज असते. हंगामापूर्वी कलावंतांना ‘उचल’ द्यावी लागते. ती बहुधा व्याजाने आणलेली असते आणि फिटते ती सुपाऱ्यांतून. वैशाखातल्या वळवाने एक रात्र वाहून नेली, तर तेवढा हप्ता चुकतो. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षीच्या यात्रा बुडाल्या, पाठोपाठ २०२१ च्याही. जुन्या फडांपाशी निदान नावाची पत होती. नव्यांची उचल तेवढी वाटून झालेली होती. ती घेतलेले कलावंत घरी बसले, आणि मालकाच्या वहीत तिथ्यांपुढची पाने कोरी राहिली.