२,१४,७४,८३,६४७ : एक कामाची मूळ संख्या

दोनचा ३१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. उत्तर येतं २,१४,७४,८३,६४७. ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्येच एका यादीत तसं लिहून ठेवलं होतं. पण त्याच यादीत त्यांनी ६७ वा घातही घातला होता आणि तो पुढे खोटा ठरला. तेव्हा त्यांच्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

सिद्धता दिली ऑयलर यांनी, १७७२ मध्ये. सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या या गणितज्ञाला तेव्हा जवळजवळ दिसतच नव्हतं. सरधोपट मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या भरतात ४,७९२. ऑयलरनी आधी भाजकांचीच छाननी केली. या संख्येला मूळ भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी, हे त्यांनी दाखवलं. ४६,३४० पर्यंत असे आकडे चारशेही नाहीत. त्यातल्या एकानेही भाग गेला नाही. माझ्या मते या गोष्टीतला खरा पराक्रम हाच : भागाकार करण्याआधी भागाकार वाचवणं.

या संख्येपासून एक अवाढव्य परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज स्वतःएवढीच असणारी संख्या, तयार होते. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिलं, की अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग शून्य. त्यामुळे हिच्याहून मोठी बहुधा कोणी शोधणारही नाही. पण १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ ल्युका यांनी दोनचा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं.

उपयोगाचं म्हणाल, तर ३२ बिटांच्या संगणकात एक बिट चिन्हाला जातो, उरतात ३१. त्यामुळे सर्वांत मोठा पूर्णांक हाच. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, याच आकड्यावर येतील आणि पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवतील. पण इथे तिच्या मूळपणाचा काही संबंध नाही.

तो खरा कामी येतो यादृच्छिक आकडे तयार करताना. एखादा आकडा १६,८०७ ने गुणायचा, गुणाकाराला आपल्या संख्येने भागायचं, बाकी हा पुढचा आकडा. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये हीच रीत किमान दर्जा म्हणून सुचवली. भाजक मूळ असल्यामुळेच १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकेकदा येऊन गेल्याशिवाय पुनरावृत्ती होत नाही. पासवर्डसाठी मात्र ही रीत वापरू नका; पुढचा आकडा सहज काढता येतो.

आता संगणक ६४ बिटांचे झाले. त्यांची मर्यादा ६३ वा घात वजा १. ती मूळ नाही. तिला ७ ने भाग जातो.