जास्त नत्राने जंगलात काय झाले?



खोडवा मेळाव्यात एका सभासदांनी आम्हांला विचारले, "साहेब, पाचटावर युरिया टाकला की ते लवकर कुजतं, असं तुम्हीच सांगता. मग दुप्पट टाकला तर दुप्पट लवकर कुजेल का नाही?" आम्ही "नाही" म्हणालो, पण कारण सांगायचे राहून गेले. ते आज सांगतो. त्यासाठी थोडे लांब, अमेरिकेतल्या एका जंगलात जावे लागेल.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील पीटरशॅम गावी हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधनासाठी राखलेले जंगल आहे. मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरातून आणि शेतीच्या खतांतून हवेत गेलेले नत्र पावसाबरोबर जंगलात उतरते. त्याचा परिणाम पाहण्यासाठी तेथे १९८८ पासून पाइनच्या आणि ओकसारख्या पानगळी झाडांच्या जंगलात तुकडे आखून दरवर्षी नत्र फवारले गेले. काही तुकड्यांना हेक्टरी ५० किलो, काहींना १५० किलो, तर काही तसेच ठेवले. १५० किलो म्हणजे आपल्या हिशेबाने एकरी सुमारे तीन पोती युरियातले नत्र.

वीस वर्षांनी पाहिले तेव्हा नत्र दिलेल्या जमिनीत बुरशी घटली होती, पालापाचोळा हळू कुजत होता आणि कर्ब साठत चालला होता. पाइनच्या जास्त नत्राच्या तुकड्यात तर पुष्कळ झाडे वाळून गेली.

कोणी म्हणेल, "कर्ब वाढला ना? मग बरंच झालं की!" पण गाळप बंद पडले आणि यार्डात उसाच्या गाड्या साचल्या, तर साखर वाढली असे आपण म्हणतो का? तसेच हे. कर्ब साठला, कारण कुजवणाऱ्यांचे काम मंदावले.

याचे कारण असे. काडीकचऱ्यात दोन प्रकारचा माल असतो. सेल्युलोज जिवाणू व बुरशी लवकर खातात, पण त्यासाठी त्यांना नत्र लागते. पाचटात ते फारच थोडे असते, म्हणून आपण युरिया देतो. दुसरे लिग्निन, म्हणजे काडीला कणखरपणा देणारा भाग. तो फोडण्याचे अवघड काम मुख्यतः काही जातींच्या बुरशीच करतात. नत्राची रेलचेल झाली की त्यांची लिग्निन फोडणारी विकरे कमी पडतात. शिवाय मुळांवरची बुरशी झाडाला अन्नद्रव्ये आणून देते आणि झाड तिला साखर देते. नत्र आयतेच मिळाले की झाड ही साखर आखडते, बुरशी उपाशी पडते. जमीनही हळूहळू आंबट होते.

ऊस हे भुकेचे पीक आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे आणि त्यातले बरेचसे पीक उचलते. त्यामुळे जंगलातले आकडे जसेच्या तसे फडाला लावू नयेत. पण धडा तोच : कुजवणाऱ्याला लागेल तेवढे द्यावे, वरचे वाया जाते. उघड्यावर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन वाऱ्यावर जातो आणि कुठल्या तरी रानावर उतरतो. म्हणजे पैसा आपला आणि नुकसान दुसऱ्याचे!

तरी सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) पाचट जाळू नये. खोडव्यात त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. जास्त नको.

२) लागणीच्या उसाला नत्र चार हप्त्यांत द्यावे : लागणीला १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के.

३) युरिया मातीआड करावा आणि माती परीक्षण केल्याशिवाय मात्रा वाढवू नये.