तेंकणा : कोरड्या रानातल्या कोळ्याची नवी प्रजाती

बेंगळुरूच्या वायव्येस सुमारे ७० किलोमीटरवर, तुमकूर जिल्ह्यात, देवरायनदुर्गाच्या टेकड्या आहेत. शिमशा आणि जयमंगली या दोन्ही नद्या तेथेच उगम पावतात. पैकी शिमशा कावेरीला मिळते आणि जयमंगली उत्तर पिनाकिनीला. २०२४ साली ‘झूकीज’ या संशोधनपत्रिकेत किरण मराठे, जॉन कॅलेब, वेन मॅडिसन, कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टेकड्यांवरील एका लहान कोळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘तेंकणा जयमंगली’ हे नाव दिले. नावाचा उत्तरार्ध नदीवरून आला आहे, तर पूर्वार्ध दक्षिण दिशेच्या कन्नड नावावरून. नवी जाती सापडणे ही भारतात आता फार दुर्मीळ घटना राहिलेली नाही. येथे मात्र जातीबरोबर प्रजातीही नवी ठरली, आणि या शोधाचे खरे मोल तिच्यातच आहे.

जीवशास्त्रात परस्परांत प्रजनन करू शकणाऱ्या प्राण्यांच्या गटाला ‘जाती’ म्हणतात, एका पूर्वजापासून निघालेल्या निकटच्या जातींच्या समूहाला ‘प्रजाती’, आणि अशा अनेक प्रजाती मिळून ‘कुल’ होते. तेंकणा ज्या साल्टिसिडी कुलात मोडते ते उडी मारणाऱ्या कोळ्यांचे कुल असून, सहा हजारांहून अधिक ज्ञात जातींमुळे ते कोळ्यांतील सर्वांत मोठे कुल ठरले आहे. हे कोळी भक्ष्यासाठी जाळे विणत नाहीत. आठ डोळ्यांपैकी समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी अंतराचा अंदाज घेऊन ते झेप घेतात, आणि झेपेपूर्वी मागे चिकटवलेला रेशमी धागा त्यांना सावरून धरतो. घराच्या भिंतीवर माश्या टिपणारा पट्टेदार ‘प्लेक्सिपस’ याच कुलातला, आणि तेंकणाचा तर तो बऱ्यापैकी जवळचा नातलग आहे.

नव्या प्रजातीत तेंकणा मनू आणि तेंकणा अर्कावती या आधीच ज्ञात असलेल्या जातींचाही समावेश झाला. त्या तोवर ‘कोलोप्सस’ या प्रजातीत गणल्या जात होत्या. रंग आणि पट्टे यांवरून नाते ठरवणे कोळ्यांच्या बाबतीत फसवे असते, कारण नर, मादी आणि पिल्ले यांचे रूप बहुधा निरनिराळे असते. म्हणून अभ्यासक नराच्या तोंडाजवळील, वीर्य वाहून नेणाऱ्या स्पर्शावयवांची आणि मादीच्या जननद्वाराची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या संशोधनात त्याला जनुकीय माहितीची जोड मिळाली, आणि दोन्ही पुराव्यांनी या जाती कोलोप्ससपासून वेगळ्या असल्याचे दाखवले. मनू या जातीचे पहिले वर्णन २०१४ साली ज्यांनी केले त्यांत कॅलेब होते, आणि तिला नव्या प्रजातीत नेणाऱ्यांतही ते आहेत. प्रजाती बदलली तरी पहिल्या वर्णनकर्त्यांची नावे जातीच्या नावापुढे कंसात कायम राहतात, असा प्राणिनामकरणाचा नियम आहे. विज्ञानातील श्रेय आणि दुरुस्ती एकाच ओळीत नोंदवणारी याहून प्रामाणिक पद्धत क्वचितच आढळेल.

या गटाचे वेगळेपण त्याच्या वस्तीतही दिसते. हायलस, टेलामोनिया अशा नातलग प्रजातींतील कोळी बहुतांशी झाडाझुडपांवर वावरतात, तर तेंकणाने कोरड्या प्रदेशातली जमीन आपलीशी केली आहे. दख्खनच्या पठारावर अशी भूमी म्हणजे खडक, विरळ गवत आणि काटेरी झुडपे. सदाहरित जंगलासारखी ती डोळ्यांत भरत नाही, आणि सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन हा एक अधिकृत प्रकार म्हणून नोंदलेला आहे. एक अख्खी प्रजाती ज्या प्रकारच्या भूमीत घडली तिला पडीक म्हणणे हे कोळ्याला चुकीच्या प्रजातीत ठेवण्याइतकेच सदोष वर्गीकरण आहे, आणि त्याचे परिणाम अधिक गंभीर आहेत, कारण पडीक ठरलेल्या जमिनीवर खाणी, भूखंड आणि सरसकट वृक्षलागवड यांना मोकळीक मिळते. कोळ्यांचे वर्गीकरण पुराव्यानिशी दुरुस्त झाले. झुडपी रानाची नोंदही पडीक जमिनींच्या यादीतून काढून नैसर्गिक अधिवास म्हणून व्हायला हवी.